गुडमारची दोन पानं आणि निलंग्याचा शिरा

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. नाही करत? बरं, हसा. शहाणपण माझंच नडलं, तुमचा काय दोष!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, साहेब नवे, दुष्काळ तेवढा जुनाच. मी तिथल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो आणि लग्नाचं बघणं चालू होतं. निलंग्याची एक मुलगी सांगून आली, बी.एस्सी. झालेली. फोटो बघितला आणि मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधून मोकळा झालो!

मामांना घेऊन बघायला निघालो. बसस्टँडवर किनवटकडचा एक जडीबुटीवाला गाठ पडला. "गुडमार घ्या साहेब. साखरेच्या आजारावर एक नंबर. चावा, आन् मग साखर खावा. माती लागंल, माती!"

मी पुस्तकात वाचलं होतं. या पानात जिम्नेमिक आम्ल असतं, ते जिभेवर गोड चवीच्या जागा अडवून बसतं. मग प्रयोग नको का करायला? एक पुडी घेतली. निलंगा दिसायला लागलं तशी मी दोन पानं चघळली. पण बसमध्ये साखर कुठली? प्रयोग अर्धाच राहिला. त्यात डोळ्यांपुढं तो फोटो! पानांचं साफ विसरून गेलो.

मुलीच्या घरी टँकरचं पाणी तांब्याभर, मोठ्या मानानं हातावर आलं. मग मुलगी शिरा घेऊन आली. फोटोपेक्षा छान हो! एक घास घेतला. गोडाचा पत्ता नाही. नुसता तुपातला रवा.

मला भरूनच आलं. वाटलं, दुष्काळाचे दिवस, मिळाली नसेल साखर. आपण पडलो मोठ्या मनाचे. म्हणालो, "शिऱ्यात साखर नाही, पण हरकत नाही. परिस्थिती आम्ही समजू शकतो."

मुलीचे वडील, अण्णा, ताठ झाले. "साखर न्हाई? पाव्हणं, माझं रेशनचं दुकान हाय!"

मुलीच्या आईनं धावत जाऊन साखरेचा डबा आणला, वरून दोन चमचे साखर घातली. खाल्ली. कचकच लागली, चव शून्य. आता माझ्या अंगात केमिस्ट्री आली! डब्यातली चिमूटभर साखर जिभेवर ठेवली आणि निकाल दिला, "अण्णा, ही साखरच नाही. वाळूची भेसळ आहे!"

कुणाला म्हणालो? रेशन दुकानदाराला! त्याच्याच घरात! खिडकीतून शेजारीपाजारी बघत असताना!

"इतकी वर्सं दुकान चालवतोय," अण्णा कडाडले, "अशी बेइज्जती कुणी केली न्हाई!"

मामांनी माझ्या ताटलीतला शिरा चाखला. "अरे येड्या, दात किडतील येवडा गोड हाय की!"

तेवढ्यात मुलगी पुढं आली. "जीभ दाखवा."

मी मुकाट्यानं दाखवली. बघायला गेलो होतो मी, आणि तपासणी चालली होती माझी!

"हिरवी हाय. गुडमार चावला का? आमच्या आजीला वैद्य देतेत."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. सगळं कबूल केलं, आम्लाच्या नावासकट.

ती म्हणाली, "येवडं ठाऊक असून चावला?"

अण्णा मात्र जरा निवळले. "तासाभरात उतरतंय म्हनं. बसा. मग पोरीच्या हातचा चहा प्या. जीभ ठिकाणावर आली तर पुढचं बोलू. न्हाई तर राम राम."

तास झाला. चहा आला. घोट घेतला. बिनसाखरेचा! निव्वळ काढा! पण पुन्हा साखरेचं नाव काढायचं? मी काय खुळा आहे? अण्णा डोळे रोखून बघत होते. मी हसतमुखानं अख्खा कप संपवला आणि म्हणालो, "व्वा! लई गोड!"

मुलगी अण्णांकडं वळली. "जीभ न्हाई आली ठिकाणावर. मी मुद्दाम साखर घातलीच न्हवती."

मामांनी चपला घातल्या.