एकवीस डायऱ्यांत एक तारीख

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांच्या एका लॅबमध्ये सव्वीस वर्षं तेच काम. गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा आणि एखादा मुद्दाम जरासा तिरका ठेवायचा. "सगळे सरळ रांगेत लावले ना, की लगेच खोटे वाटतात गं." खोटं खऱ्यासारखं दिसावं, या कामात तिचा हात कुणी धरणार नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, भांडत नाहीत. आवाजही चढवत नाहीत. फक्त विचारतात, "कधी? तारीख सांग." ती सांगता आली नाही की विषय तिथेच मिटतो.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका लॅबवाल्यांनी मावशीला बोलावलं. मुख्य कारागीर म्हणून, वर राहायला दोन खोल्या. एकटीला. आज पाचच्या आत उत्तर द्यायचं होतं. काका शांतपणे म्हणाले, "जा की. मी काय बांधून ठेवलंय? फक्त या घरात तुला त्रास झाला, असा एक दिवस दाखव. मी स्वतः बॅग भरून देतो."

दिवस कुठे शोधायचा, तर डायऱ्यांत. मावशी एकवीस वर्षं रोज अर्धं पान लिहीत आली आहे. मी त्या सगळ्या पानांचे फोटो काढून तिच्या फोनमध्ये घातले आणि एआयला वाचायला दिले. आता नुसतं बोलून विचारायचं, उत्तर बोलूनच येतं. आवाज बाईचा, म्हणून मावशी तिला बाईच म्हणते.

दुपारचे तीन. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मधलं दार उघडं, ते कधी लावलेलं मी पाहिलंच नाही. मावशीने फोन तोंडाशी धरला.

"बाई, मी कधी रडले?"

"रडण्याची एक नोंद आहे. नवी कवळी बसवल्यावर एक आजी आरशात बघून रडल्या."

"आजींचं नाही गं बये. माझं विचारतेय."

"तुमच्या रडण्याची नोंद सापडली नाही."

"नेमका शब्द नको धरूस," मी सुचवलं. "राग, अपमान, घुसमट, काहीही विचार. अर्थावरून शोधते ती."

मावशीने सगळं विचारलं. बाईने नम्रपणे सांगितलं, की तसं काही नाही, मात्र समाधानाच्या नोंदी हजारो आहेत, वाचून दाखवू का?

"ठेव तुझ्याकडे," मावशी म्हणाली. मग थोडा वेळ ती नखातलं मेण काढत बसली. "एक तारीख मला पाठ आहे. आई गेली, त्याच्या आदल्या दिवसाची. ते पान वाच म्हणावं."

बाईने वाचलं. "आईला दवाखान्यात ठेवले आहे. मी निघाले होते, पण प्रवासाची दगदग नको म्हणून ह्यांनी थांबवले. माझी किती काळजी करतात."

फोनवर ते पान उघडलं होतं. 'काळजी'तली वेलांटी लाल पेनने दुरुस्त केलेली.

"हे तू लिहिलंस?"

"ते वाचतात ना गं. जेवण झालं की डायरी त्यांच्या हातात. शुद्धलेखन बघतो म्हणतात." तिने पुन्हा फोन उचलला. "बाई, मी लिहिलंच नाही, ते शोधता येतं का?"

"नाही. आठवत असेल तर सांगा, आजच्या नोंदीत लिहून घेते."

मावशीने एकदा दाराकडे पाहिलं आणि सपाट आवाजात सांगितलं. "त्या दिवशी माझं तिकीट ह्यांनी खिशात घातलं. उद्या जाऊ म्हणाले. मी चप्पल घालून संध्याकाळपर्यंत दारात बसले होते. आई माझी वाट बघत गेली."

"ही नोंद त्या दिवसाच्या लेखनाशी जुळत नाही," बाई म्हणाली. "ठेवू का?"

"काय जुळत नाही?" काका दारात उभे होते, चष्मा कपाळावर.

मावशीने ती चारही वाक्यं पुन्हा म्हटली. या वेळी त्यांच्याकडे बघून. मला वाटलं, आता फुटलं सगळं. पण काकांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"अगं, असं झालं असतं तर तू लिहिलं नसतंस?"

मावशीचं तोंड उघडलं. उत्तर ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण त्याचाही त्यांनी पुरावा मागितला असता. तिने तोंड मिटलं.

"दमलीयस तू," काका म्हणाले. "चहा टाकतो मी." आणि ते खरंच स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवल्याचा आवाज आला. आलं किसल्याचाही.

मी कुजबुजले, "मावशी, तारीख कशाला हवी? नुसती निघ."

"काय सांगून निघू?"

"काहीच सांगू नकोस."

"तसं कधी केलं नाही गं." पाचला दहा कमी असताना लॅबवाल्यांचा फोन आला. ती उभी राहून बोलली. "नाही जमायचं हो. नाही, तसं कारण काही नाही. घरी सगळं छान आहे."

बोलणं संपल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर बाईचा प्रश्न अजून होता. ठेवू का?

"काढून टाकू?" मी विचारलं.

"ठेव."

"काका वाचतील."

"वाचतीलच की," मावशी म्हणाली. "रोज वाचतात."