मागून ओतलेलं पाणी

माझी शाळा सातवीत सुटली. मॅपमध्ये तुर्कस्तान कुठे असतं हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि आजही बोट नीट ठेवता येईल की नाही शंकाच आहे. पण तिथली दोन माणसं आमच्या दिल्लीतल्या, मुनिरक्याच्या बिल्डिंगमध्ये माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहत होती.

आमचे हे एका सरकारी ऑफिसात ड्रायव्हर. क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत आम्ही मुनिरक्यात एक खोली घेतली होती. मी आसपासच्या विद्यार्थ्यांना डबे द्यायचे. त्यांत एक मुलगी तुर्कस्तानची, कॉलेजात संशोधन करणारी. पुस्तकातली हिंदी बोलायची, एकदम शुद्ध, ऐकताना आकाशवाणी लागल्यासारखं वाटायचं. मला भाभी म्हणायची. थंडीत तिची आई तिच्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला, भाभीने चहाला यायचं.

मी घाबरले. परक्या देशाची बाई, काय बोलायचं? त्यात मला सहावा लागलेला. पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे जिना चढतानाही एकेक पायरी जपून. दारात चपला काढल्या तर म्हातारीने माझ्यासमोर कापडी सपाता ठेवल्या, पाहुण्यांसाठी वेगळ्या राखलेल्या. तेवढ्यानेच माझी भीती निम्मी झाली. मी बसले तशी ती एक बाटली घेऊन आली आणि हात पुढे कर अशी खूण केली. मी आपला उजवा हात पसरला, तळव्यात खळगा केला. तिने त्यात पाण्यासारखं काहीतरी ओतलं. म्हटलं, तीर्थ! मी तोंडाला लावलं.

"भाभी, नहीं! नहीं!" मुलीने धावत येऊन माझा हात धरला.

जिभेला चटका बसला होता. ते लिंबाच्या वासाचं अत्तर होतं. पाहुणा आला की त्यांच्याकडे हातांवर ओततात, चोळायचं असतं. म्हातारी आधी घाबरली, मग मी उरलेलं सवयीने डोक्याला पुसलं ते पाहून हसत सुटली. मीही हसले. त्यानंतर चहा आला, छोट्या, बारीक कमरेच्या ग्लासांत, लालभडक, बिनदुधाचा. मला वाटलं बिचाऱ्यांचं दूध संपलं असावं. दुसऱ्या दिवशी मी पातेलीभर दूध वर नेऊन दिलं. त्याची त्यांनी खीर केली आणि मलाच परत पाठवली.

असं आमचं जमलं. तिला हिंदी येत नव्हती, मला तिची भाषा. तरी दुपारी मी वर जायचे. ती मसुराचं सूप करायची. मला ती फोडणी न दिलेली आमटी वाटायची, तोवर ती कढलेल्या लोण्यात लाल तिखट आणि सुका पुदिना घालून वरून ओतायची. मी म्हणायचे, म्हणजे फोडणी तुम्हाला येते, फक्त उशिरा सुचते! मुलगी भाषांतर करायची आणि म्हातारी हातातला डाव उगारून मला मारायचं सोंग करायची. मला ती 'किझम' म्हणायची, म्हणजे माझी मुलगी. घरापासून इतकं लांब मला असं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. मी तिला अम्मा म्हणायला लागले.

सातव्यात भाऊ मला माहेरी न्यायला आला. ह्यांना रजा नव्हती, गल्लीच्या तोंडापर्यंत सामान उचलून दिलं. मी रिक्षात बसले. अम्मा खाली आली होती, तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. रिक्षा सुटली आणि मागे सपकन आवाज झाला. वळून पाहिलं तर अम्मा रिकामा जग हातात धरून उभी, आणि आमच्या मागे रस्ताभर पाणी.

आमच्याकडे माणूस बाहेर पडल्यावर लगेच केरसुद्धा काढत नाहीत. पाणी ओततात, घर धुतात, ते प्रेत गेल्यावर.

"ताई, मागं बघू नको," भाऊ म्हणाला. त्यानेही पाहिलं होतं.

पूर्ण प्रवासात मी पोटावरचा हात काढला नाही. अम्माने असं का करावं? तिला माहीत होतं माझं आधीचं गेलं ते. भावाने घरी पोचताच आईला सांगितलं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि म्हणाली, "आता त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बाळंतपण होऊ दे, मग बघू." ह्यांचा फोन शेजारी यायचा. मी पाण्याचा विषय काढायचे नाही. काढला तर खरं होईल असं वाटायचं.

मुलगी झाली. धडधाकट, रडकी, केसांनी भरलेली. बारशाला हे आले तेव्हा मला न्यायचं केव्हा हा विषय निघालाच. आई म्हणाली, "नाही पाठवायची. देवानं एकदा राखलं. तिथल्या बाईनं माझ्या पोरीमागं पाणी ओतलंय."

ह्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत सेफ्टीपिनला अडकवलेला निळ्या काचेचा मणी, डोळा काढलेला. "अम्मांनी दिलाय, बाळाला. नजर लागू नये म्हणून." मग आईकडे न बघता म्हणाले, "मी पण घाबरलो होतो. त्याच संध्याकाळी वर जाऊन विचारलं. त्यांच्याकडे लांब निघालेल्या माणसामागे पाणी टाकतात. पाण्यासारखं अडखळल्याशिवाय जावं आणि तसंच परत यावं म्हणून. मला जिन्यात भेटल्या की मुलीकरवी विचारतात, मी तर पाणी टाकलंय, मग अजून आली कशी नाही?"

"मग फोनवर सांगायचं नाही?" मी म्हटलं.

"मला वाटलं, तू पाहिलंच नसशील. उगाच कशाला तुझ्या डोक्यात घालू?"

म्हणजे दोघंही तीच भीती दोन टोकांना धरून बसलो होतो. आई बराच वेळ मणी उलटसुलट करत राहिली. मग तिनेच तो बाळाच्या झबल्याला टोचला, आतल्या बाजूने, कुणाला दिसू नये असा.

तिसरा महिना सरल्यावर मी निघाले. आईने हातावर दही ठेवलं. मग आत जाऊन तांब्या भरून आणला, दारात उभी राहिली, आणि तसाच खाली ठेवला. "माझ्याच्यानं नाही होत गं," म्हणाली.

दिल्लीत अम्मा माझीच वाट बघत थांबली होती. तिच्या मुलीने परतीचं तिकीट पुढे ढकललं होतं. जेमतेम आठवडाभर तिने बाळाला मांडीवर घेतलं, लिंबाचं अत्तर स्वतःच्या हाताला चोळून मगच घ्यायची. मग तिची टॅक्सी आली. त्या वयात ती पुन्हा एवढ्या लांब येईल, असं कुणीच म्हणत नव्हतं.

टॅक्सी सुरू झाली. मी बाळाला ह्यांच्याकडे दिलं आणि तांब्या उचलला. लहानपणापासून अंगात मुरलेलं सगळं ओरडून नको म्हणत होतं. मी पाणी ओतलं, रस्त्यावर, तिच्या मागे.

"ऐ मराठन! बावली हो गी के?" वरून घरमालकीण ओरडली. "कोई जावै तो पीछे पाणी गेरै है?"

मागच्या काचेतून अम्मा बघत होती. ती हसत होती आणि रुमालाने डोळे पुसत होती. टॅक्सी वळेपर्यंत मी तांब्या उपडा धरून उभी होते, शेवटचा थेंबसुद्धा आत राहू नये म्हणून.