‘जा’ न म्हणणारी हिराबाय

हिराबायच्या घरातून पहिल्यांदा निघताना मी "चला, जातो" म्हणालो आणि तिनं मला परत खाली बसवलं. माझी एक चप्पल पायात होती, दुसरी शोधत होतो. "बस," ती म्हणाली. मी बसलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "पानी पी." प्यायलो. "आता उठ, नि नीट बोल." काय नीट बोलायचं ते मला कळेना. शेवटी तिचा मुलगा नितेश आतून हसू दाबत म्हणाला, "दादा, ‘येतो’ म्हणा. नाहीतर ती तुम्हाला आता जेवायलाही बसवेल." मी मुकाट्यानं "येतो मावशी" म्हणालो तेव्हा कुठं माझी सुटका झाली. "ये," ती म्हणाली आणि पाठीत अशी थाप मारली की दुसरी चप्पल आपोआप सापडली.

निघताना "येतो" म्हणायची रीत आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे. आपण ती कधी पाळतो, कधी विसरतो. वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या हिराबायकडं विसरायची सोय नव्हती. सासरा, दीर, नवरा, सगळे दर्यावर जाणारे. त्यांना निरोप देताना "जा" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे सासूनं तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं. कालवण कसं करायचं ते नंतर. पुढं पुढं हिराबाय दर्या आणि जमीन असा भेदच करीनाशी झाली. पोस्टमन, गॅसवाला, शाळेला निघालेली शेजारची पोरं, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना "ये". तो उमेदवार दुसऱ्या दिवशी खरंच परत आला, तर म्हणाली, "अरे, तुना मी रीत म्हनून बोललेली!"

बाजारात मात्र तिच्याशी बोलायला छाती लागायची. वसईच्या बाजारात तिची टोपली ठरलेल्या जागी असे, आणि गिऱ्हाइकानं विचारायच्या आत ती माशाचा कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवी. "बघून घे. मंग घरी जाऊन माझ्या नावानं बोंबलू नको." एखाद्या दिवशी मासा शिळा असला तर तोही कल्ला उघडून दाखवायची आणि म्हणायची, "आज नको घेऊ." शेजारच्या कोळणी कपाळावर हात मारत. मी तिला एकदा म्हटलं, "मावशी, अशानं धंदा कसा होणार?" तर म्हणाली, "तू लग्नाचे फोटो काढतंस ना? तुला नवरीचं तोंड गोरं करावं लागतं. माझ्या बोंबलाला नाय लागत."

तर मी तो फोटोवाला. स्टेशनजवळ माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, प्री-वेडिंग नावाचा नवा ताप, हे सगळं आम्ही करतो. नितेश माझ्याकडं एडिटिंग करायचा आणि ऑल्विन कॅमेरा चालवायचा. ऑल्विन वसईगावातल्या ख्रिस्ती घरातला, शांत, लाजरा, सहा फूट उंच. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे मला फार लवकर कळलं. मला सांगावं नाही लागलं. लग्नांच्या व्हिडिओत जन्म गेलेल्या माणसाला कोण कोणाकडं बघतंय हे दिसतंच. एक दिवस नितेशनंच सगळं सांगितलं. वडिलांचं अर्धं अंग गेल्यापासून घर त्याच्यावर होतं. बहीण प्रणाली लग्नाची होती. "तिचं लग्न झालं की मी हैदराबादला नोकरी घेतो, दादा. ऑल्विनही येईल. घरी काही सांगणार नाही. सांगितलं तर आये घराबाहेर काढेल, आणि नाही सांगितलं तर माझं लग्न लावेल. त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं." मी विचारलं, "आणि वडिलांना रोज उठवणार कोण?" एक तर ऑल्विन, नाहीतर घर, असा त्याचा हिशोब होता आणि तो कुठूनही सुटत नव्हता.

मग त्यानं गोष्ट लिहिली. घर सांभाळणारा मोठा मुलगा, त्याचा मित्र, घरी सांगून टाकणं आणि आईनं घराबाहेर काढणं. मला आवडली. आयुष्यभर लोकांच्या वराती चित्रित केल्या, आता एक सिनेमा आपलाही होऊन जाऊ दे, असं माझ्या डोक्यात शिरलं. दिग्दर्शक अर्थात मी! गळ्यात मफलरही घालणार होतो, पण आमच्याकडच्या उकाड्यात ते जमेना. घर हवं होतं कोळ्याचं, तेव्हा नितेशचंच घर ठरलं. हिराबायला एवढंच सांगितलं की सिनेमा आहे, आई-मुलाचा. "चाय किती लोकांना?" एवढाच तिचा प्रश्न होता.

आईचं काम करणारी बाई मुंबईहून येणार होती. ऐन सकाळी तिचा फोन आला, तिला मालिका मिळाली होती. सगळे तयार, प्रकाश सुंदर, दाराबाहेर बांबूच्या वलांडीवर बोंबील रांगेनं वाळत टांगलेले, आणि आई नाही. मी हताश होऊन ओट्यावर बसलो. हिराबाय चहाचा ट्रे घेऊन आली. "आये पाहिजे ना? मी हाय की. एवढी वरसं तेच करते." नितेश मला कोपऱ्यात ओढत म्हणाला, "दादा, नको. शूटिंग कॅन्सल करा." पण माणसाच्या अंगात एकदा दिग्दर्शक शिरला की तो कोणाचं ऐकत नाही. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, होऊन जाऊ दे. कधीतरी व्हायलाच हवं.

मुलाचं काम करणारा पोरगा नाटकातला, सगळं पाठ करून आलेला, घडाघडा बोलला. "आई, मला मुलगी नको. माझं एका मुलावर प्रेम आहे." हिराबायनं रागाचा चेहरा असा केला की मी खूश. नंतर तिचं वाक्य होतं, "निघ माझ्या घरातून. जा, परत तोंड दाखवू नकोस." ती दारापर्यंत गेली, हात बाहेर केला आणि म्हणाली, "निघ माझ्या घरातून! ... ये."

आम्ही सगळे हसलो. तीही हसली. पुन्हा घेतलं. पुन्हा "ये". टेकमागून टेक झाले. मी म्हटलं, "मावशी, नुसतं ‘जा’ म्हणायचंय. एकच अक्षर." ती म्हणाली, "माझ्या तोंडात ते अक्षरच नाय, काय करू?" दाराशी खुर्चीत बसलेले तिचे यजमान, ज्यांना बोलायला कष्ट पडत, तेही मोठ्यानं हसले.

मग मी दिग्दर्शकी थाटात तिला प्रसंग समजावून सांगायला बसलो. मुलाचं काय आहे, आईला राग का आलाय, सगळं. ती पदरानं घाम पुसत ऐकत होती. "थांब," ती म्हणाली. "या पोराचा बाप आजारी हाय ना?"

"हो."

"नि त्याला उठवतो, न्हाऊ घालतो, तो हाच?"

"हो."

"नि बहिनीचं लगीन करनारपन हाच? मंग यालाच घराबाहेर काढते? या आयेचं डोकं फिरलंय काय? तिला राग आला तर येऊ दे. दोन दिवस बोलू नको म्हनावं. ताट आपट म्हनावं. जा कशाला?" मग ती माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "हे कोनी लिवलं, तू?"

"मी लिहिलं, आये," नितेश म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मासा उघडण्याआधी ती जशी नुसत्या नजरेनं ओळखायची, तशी. "माझ्या घरात वाढलास," ती म्हणाली, "नि माझ्या तोंडात जा घातलंस? मंजे तुला वाटलं, मी तुला जा म्हनन?"

नितेश रडायला लागला. मुलाचं काम करणारा पोरगा गोंधळून आतल्या दारात उभ्या प्रणालीकडं बघायला लागला. हिराबाय बाहेर गेली आणि वलांडीवरचे बोंबील उलटवू लागली. तिची पाठ आमच्याकडं. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. ती एकेक बोंबील सावकाश उलटवत होती, आणि आत आम्ही तिच्या पाठीकडं बघत बसलो होतो. चहा गार झाला. सगळी ओळ संपवून ती आत आली, हात धुतले, डोळेही धुतलेले दिसत होते. तिनं एवढंच विचारलं, "कोन हाय तो?"

कॅमेऱ्यामागून ऑल्विननं हळूच हात वर केला, वर्गात करतात तसा.

"हा?" हिराबाय ओरडली. "मुडद्या, दोन वरसं माझ्या हातचं जेवतंस, नि तोंड उघडलं नाय? कालवन वाढताना दर वेळी ‘बस मावशी, बस मावशी’ करतो. मी समजले, पोरगा परका हाय, लाजतो." मग तिनं ओलाच हात त्याच्या गालावरून फिरवला. "मना अजून नीट समजलेलं नाय. समजायला वेळ लागंल. पन तोपर्यंत कोनी कुठं जायाचं नाय." हैदराबादचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून नितेश दचकला.

सिनेमाचा शेवट मी बदलला. बदलला म्हणजे काय, तिनंच बदलला. मुलगा बोलतो, आई ताट आपटते, बाहेर जाऊन बोंबील उलटवते आणि परत येऊन विचारते, "कोन हाय तो?" पहिल्याच टेकला ओके! एवढी चांगली नटी मला परत मिळाली नाही.

समजायला तिला खरंच वेळ लागला. मध्येच स्टुडिओत येऊन बसायची आणि मला कायकाय विचारायची. "मंग दोघांत भांडन झालं तर मी कोनाच्या बाजूनं बोलायचं?" मी म्हटलं, "इतर सासवा मुलाच्या बाजूनं बोलतात." ती म्हणाली, "दोघंपन मुलगेच हायत की, फोटोवाल्या." एकदा तिनं गंभीरपणे विचारलं, ख्रिस्ती लोकांचे उपास कसे असतात. मी सांगितलं, उपासाच्या दिवसांत ते मटण टाळतात, पण मासे चालतात. तिचा चेहरा उजळला. "मंजे उपासालापन मावरं? अरे मंग हे आमच्यापेक्षा बरं!" तो मुद्दा तिनं साऱ्या पाचूबंदरला ऐकवला.

खरा घोर प्रणालीच्या लग्नाचा होता. अर्नाळ्याचं स्थळ ठरत आलं होतं. नितेश म्हणाला, सिनेमा दाखवू नका, तिचं मोडेल. हिराबायनं डोक्यावर पदर घेतला, मला गाडी काढायला लावली आणि आम्ही थेट अर्नाळ्याला गेलो. चहा यायच्या आत तिनं होणाऱ्या विहिणीला सगळं सांगितलं. "मी मावरं विकताना कल्ला उघडून दाखवते. घरचंपन तसंच. पोरगी घ्यायची तर तिच्या भावाला, नि त्याच्या मानसालापन मानानं बसवायचं. नायतर आज नका घेऊ." विहीण उठली, हिराबायला आतल्या खोलीत घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. दोघी बाहेर आल्या त्या हातात हात घालून. परतताना गाडीत हिराबाय म्हणाली, "तिचा भाऊपन तसाच. लाजेनं मुंबईला गेला नि परत आलाच नाय. म्हनते, तुमचा तरी घरात राहू दे."

प्रणालीच्या लग्नात ऑल्विननं कॅमेरा धरला नाही. हिराबायची सक्त ताकीद होती. "घरचा मानूस फोटो काढत फिरत नाय. फोटोत उभा राहतो." तो नितेशशेजारी उभा राहिला, आणि वरातीत सगळ्यात वाईट नाचला. आणि सिनेमा आम्ही हिराबायच्याच गल्लीत दाखवला, क्रिकेटच्या सामन्यांना लावतात त्या पडद्यावर. काही लोक मध्येच उठून गेले. त्यांनाही हिराबाय खुर्चीवरून सांगत होती, "ये हं, ये." त्यातले बरेचसे दुसऱ्या दिवशी बाजारात आले. मासे तर हवेच होते.

हैदराबाद राहिलंच. नितेशच्या वडिलांना उठवायला ऑल्विन त्याच्यापेक्षा बरा, असं वडिलांनीच खुणेनं सांगितलं, उंची असल्यामुळं.

गेल्या वर्षी हिराबाय गेली. फार दिवस झोपून राहिली नाही, तिला ते जमलंही नसतं. बाजार त्या दिवशी अर्धा रिकामा होता. तिरडीला पुढच्या बाजूला नितेश आणि ऑल्विन होते. खांदा देताना ऑल्विनला गुडघ्यात वाकावं लागत होतं. उचलायच्या आधी क्षणभर सगळे थांबले. नितेशनं तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि तिनं आम्हाला शिकवलं होतं तसं, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"ये, आये."