सात नंबरात काय शिजतंय

संध्याकाळी सचिन गावातल्या डाइंग मिलमधून सुटला की माझा थोरला भाऊ आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि नाक वर करून जाहीर करायचा, "सात नंबरात शेवभाजी. ताई, तिखट कमी टाका, दाजी कालही रडले." आतून आवाज यायचा, "तुमचं नाक कापून वाळत घालीन, दादा." साऱ्या खानदेशी गल्लीत असा नट दुसरा नाही, असं मी मानायचो. मी स्वतः काही कमी नाही, तरी.

म्हणूनच एकदा त्याच्या घरात दूध जळून पातेलं काळं पडलं आणि हा तिथेच खुर्चीत बसून सात नंबरचं भरीत ओळखत होता, तेव्हा टाळ्या मी वाजवल्या. वाटलं, नवा प्रयोग आहे. वहिनी खोकत धावत आली. "दोघांपैकी एक तरी शहाणा निघायचा होता," म्हणाली.

पुढे त्याचा उजवा हात थरथरायला लागला. मेंदूच्या डॉक्टरांनी आधी हाताचं नाही, नाकाचं विचारलं. वास कधीपासून येत नाही?

"चारेक वर्षं," दादा खाली बघत म्हणाला.

चार वर्षं हा माणूस बाजाराच्या पिशव्या बघून भाज्या सांगत होता, आणि मी वाहवा करत होतो.

डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण इतकी वर्षं मिलच्या चिमण्यांखालची हवा ओढलीत, त्यातली बारीक धूळ नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकते. मेंदूचं गेलेलं परत येत नाही. पुढे विसरही पडेल. जमलं तर हवा बदला.

"कुठे जाऊ?" दादाने विचारलं. "कडोदऱ्याला? तिथेही मिलच आहेत."

डॉक्टरांनाही हसू आवरलं नाही.

खेळ मात्र आम्ही बंद केला नाही. खुणा ठरवल्या. मी आधी गल्लीतून फेरी मारून यायचं. कान धरला तर भरीत, टक्कल खाजवलं तर शेवभाजी. दादा खुर्चीतून जाहीर करायचा. गल्लीला सगळं ठाऊक होतं, तीही नाटकात सामील होती.

गेल्या आठवड्यात सात नंबरात भरीत होतं. मी कान धरला. दादा नुसता बघत राहिला. मी दोन्ही कान धरले. ताई दारात येऊन थांबल्या होत्या.

दादा पुढे वाकला आणि फार काळजीने, हळू म्हणाला, "का रे, तुना कान दुखस का?"

"हो दादा," मी म्हटलं. "थोडा."