अणुभट्टीला वीज देणारी तार

तारकाकांना खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विजेच्या उंच टॉवरांवर तारा जोडण्यात घालवली. घरी मात्र माळ्यावरचा डबा काढायचा झाला, की स्टूल धरायला बायकोला बोलवायचे.

"अहो, टॉवरवर कसे चढता मग?"

"टॉवर हलत नाही. स्टूल तुझ्या माहेरचं आहे."

पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि ऑफिसने त्यांना खाली बसवलं. लाईनमनना हत्यारं द्यायची, परत आली की तपासून घ्यायची, एवढंच काम. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेवढ्यात युद्ध सुरू झालं.

नदीपलीकडे अणुवीज केंद्र होतं. त्याच्या अवतीभवती तोफा धडाडू लागल्या, आणि काकांची एकुलती एक मुलगी तिथेच कंट्रोल रूममध्ये होती. रस्ते बंद झाल्यामुळे तिची पाळी बदलायला कुणी येऊ शकत नव्हतं. भट्टी बंद केलेली होती खरी, पण बंद भट्टीही आतून धगधगत असते. तिच्यातून गार पाणी सतत खेळतं ठेवावं लागतं. त्यासाठी पंप, आणि पंपांसाठी वीज. बाहेरून वीज आणणारी शेवटची लाईन तोफगोळ्याने तुटली, तेव्हापासून पंप डिझेलच्या इंजिनांवर चालले होते.

मुलीचा फोन यायचा तेव्हा मागे इंजिनांची घरघर असायची.

"डिझेल पुरेल ना गं?" काका विचारायचे.

"आईची कंबर कशी आहे?" ती विचारायची.

काका काय समजायचं ते समजायचे.

अखेर दोन्ही सैन्यांनी कबूल केलं, की लाईन जोडून होईपर्यंत गोळी झाडायची नाही. पण जोडणार कोण? तरणे लाईनमन बहुतेक आघाडीवर गेले होते. काका थेट साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"काका, तुमचे गुडघे..." साहेब म्हणाले.

"ते कुरकुर करणारच. मी ऐकणार नाही."

घरी बायको कडाडली, "एक तिकडे अडकलीये, आता तुम्हीही जा!" मग मुकाट्याने लोकरीची बंडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "वर वारा असेल. आणि पोरीला कळवू नका. जीव टांगणीला लागेल तिचा."

शेतात सैनिकांनी सुरुंग शोधून टॉवरपर्यंत वाट मोकळी केली होती, दोन्ही कडांना पांढरी पट्टी लावून. त्या वाटेने काका निघाले. बरोबर शिकाऊ लाईनमन जाड्या होता, काडीसारखा बारीक, म्हणून जाड्या. दोघे चढले. प्रत्येक पायरीला गुडघ्यातून कळ यायची. वर पोचल्यावर नदीपलीकडे केंद्राचे घुमट दिसले. काकांनी एकदा पाहिलं आणि नजर कामाकडे वळवली.

खालून यंत्राने ओढलेली तार वर आली. पकडीत बसवली. बोल्ट आवळायचे राहिले होते, तोच धडाम्‌ऽ!

जाड्याने लोखंडाला मिठी मारली. खाली सैनिक पालथे पडले. शेताच्या टोकाला धूर उठला.

"काका, उतरायचं?"

काकांनी पुन्हा नदीपलीकडे पाहिलं. आता गोळीबार सुरू झाला, तर ते दोघे आभाळात टांगलेले, आणि पोरीचे पंप डिझेलच्या भरवशावर. खाली अधिकारी वायरलेसवर ओरडत होता, "आमचा नाही!" पलीकडूनही तेच ओरडणं, "आमचाही नाही!" मग कुणीतरी भोंग्यातून सांगितलं, "डुक्कर होतं! जुन्या सुरुंगावर पाय पडला त्याचा!"

दोन्हीकडचे सैनिक अंग झटकत उठले. जाड्या हसायला लागला, हसता हसता रडायला लागला. काकांनी त्याला पोटभर रडू दिलं. मग म्हणाले, "पाना दे."

काम उरकून उतरले, तेव्हा शेवटच्या पायरीवर गुडघ्यांनी राजीनामा दिला. जाड्याने त्यांना पाठुंगळी घेऊन गाडीपर्यंत नेलं. लाईन सुरू झाल्याचा निरोप यायचा होता. मग काकांचाच फोन वाजला.

"बाबा, काही ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर! इंजिनं बंद केली. बाहेरची वीज आली, बाबा!"

"हो का? बरं झालं," काका एवढंच म्हणाले.

जाड्याने फोन हिसकावला. "ताई, तुमचे वडीलच होते वर!"

त्याने फोन परत काकांच्या कानाला लावला. मग मुलगी जी सुटली, ती थेट आईच्या चालीत, "वय काय, गुडघे काय, कुणाला विचारून गेलात?" काकांनी डोळे मिटून ती बोलणी शेवटपर्यंत खाल्ली. इतकं गोड त्यांनी बऱ्याच दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

युद्ध त्या दिवशी संपलं नाही. पण तोफा गप्प होत्या तेवढ्या वेळात बदली माणसं केंद्रात पोचवता आली, आणि पोरगी घरी आली. दोन घास खाल्ले आणि बूट घालूनच झोपली. आईने ते हळूच काढले. काका खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले आणि चौकशीला येणाऱ्या शेजाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून परतवू लागले.

"उठली का?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"छे. घोरतेय."

"तुमच्यावर गेलीये," ती म्हणाली, आणि दुसरी खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी बसली.