कप्तानचं निळं छत

शनिवार, ९ नोव्हेंबर. पहाटे उठले. हवा कोरडी, थंडी बेताची. गल्लीतल्या मंडळींबरोबर बसने घुमटांच्या शहरी जाऊन आले. डब्यात पाव, उकडलेले बटाटे, केळी. मोठं देवालय पाहिलं. तट आणि मनोरा राहिला. गुडघ्याने साथ दिली. कप्तानची पंचाईत झाली आणि निभावली.

शेवटच्या वाक्यामागची हकिकत रोजच्या पानात मावली नाही, म्हणून ती सवडीने लिहिते आहे.

कप्तान म्हणजे माझ्या शेजारचा निवृत्त बस-ड्रायव्हर. गाडी सोडण्याआधी मागे वळून "सगळे जहाजावर आले का?" असं विचारायची त्याला सवय होती, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्याची बायको पुढच्या खोलीत कपडे शिवते. ती ओघानेच कप्तानीण. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच आहे, त्यामुळे तिचं मशीन थांबलं की जेवणाची वेळ झाली हे मला घड्याळ न बघता कळतं.

नोकरीत असताना कप्तान दर सुट्टीच्या दिवशी यात्रेकरूंना घेऊन घुमटांच्या शहरी जायचा. इकडे त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिची सगळी उस्तवार सुनेकडे, म्हणून कप्तानिणीला कधी गल्लीबाहेर पडता आलं नाही. संध्याकाळी तो परतला की सासूला भरवता भरवता ती विचारायची, आज काय पाहिलंत? मग कप्तान सुरू व्हायचा. देवालयाचं छत निळं, त्यावर सोनेरी चांदण्या. मधोमध संगमरवरी मोर. त्याच्यासमोर दिवा धरला की तो मान वळवून आपल्याकडे बघतो असं वाटतं. म्हातारी "पुढे?" म्हणायची आणि त्या भरात दोन घास जास्त खायची. सुरुवातीला त्या मोराला पिसारा नव्हता. तो पुढे एका हिवाळ्यात, म्हातारीची भूक अगदीच मेली तेव्हा फुटला. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकत होते. मी ते देवालय यजमानांबरोबर पूर्वी पाहिलेलं, आणि छत पांढरं होतं हे मला पक्कं आठवत होतं. पण छताला काय, कोणीही रंग देऊ शकतं, म्हणून मी बोलले नाही.

म्हातारी गेल्या वर्षी गेली. यंदा गल्लीने सहल ठरवली तेव्हा कप्तानिणीने सगळ्यांच्या आधी दोघांची नावं दिली. कप्तानची पाठ त्याच दिवशी धरली. ती तिने तेल चोळून मोकळी केली. मग त्याचे दात दुखू लागले. त्यांना तिने लवंग लावली. शेवटी दुखण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तो निमूट बसमध्ये चढला.

तो नव्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबत राहिला. कप्तानीण मागे बायकांना मोराची महती सांगत होती. इतक्या आत्मविश्वासाने, की जणू मोर तिच्या माहेरचा.

चहासाठी गाडी थांबली तेव्हा कप्तानने मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा पडला होता.

"मावशी, मी आत कधी गेलेलोच नाही."

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. गाडीच्या दाराला धड कुलूप नव्हतं, लोकांचं सामान आत, म्हणून सुरुवातीची वर्षं त्याला गाडी सोडून जाता येत नव्हतं. पुढे कुलूप आलं, पण तोवर घरी मोर उभा राहिला होता. आत जाऊन मोर नसला तर संध्याकाळी आईला काय सांगायचं? आधी जाता येत नव्हतं, नंतर धीर होत नव्हता. आता बायकोने विचारलं तर मी काहीतरी सावरून घ्यावं, अशी त्याची विनवणी होती.

मी त्याला म्हटलं, "अरे, मी नन्सच्या शाळेत शिकलेली बाई. खोटं बोलायला गेले की अजून हाताच्या तळव्याला छडी आठवते."

"खोटं बोलू नका हो," तो म्हणाला. "फक्त खरं बोलू नका."

हे मात्र त्या शाळेत आम्हाला उत्तम शिकवलं होतं. मी मान हलवली.

दगडी वेशीतून आत गेलं की शहर एकदम अरुंद होतं. दोन माणसं शेजारून जातील एवढ्या गल्ल्या, आणि कुठेही वळलं तरी छपरांवरून एखादा घुमट डोकावतोच. कप्तानीण सगळ्यांच्या पुढे. देवालयाच्या दारात थांबून तिने बायकांना बजावलं, आता आत गेल्यावर पहिल्यांदा वर बघायचं. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.

छत पांढरं होतं. नुसतं पांढरं, एका कोपऱ्यात ओल आलेली.

कप्तान घाईघाईने म्हणाला, रंग दिलेला दिसतो. कप्तानीण मोर शोधत मधोमध गेली. मोराच्या जागी गर्दी आवरायचे दोन लाकडी कठडे होते. तो म्हणाला, दुरुस्तीला नेला असेल. तिने दाराजवळच्या रखवालदाराला गाठून विचारलं. रखवालदार म्हणाला, त्याचे आजोबाही इथेच होते, आणि मोराबद्दल त्या दोघांच्या कानावर कधी काही आलेलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने हळूच विचारलं, देऊळ तरी हेच ना? कप्तानीण माझ्याकडे वळली तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

पायऱ्यांवर डबे उघडले. तिने नवऱ्याला त्याचा डबा दिला, पाणी दिलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही इथे दिवसभर करत काय होता?"

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं, असं कप्तानच्या तोंडावर दिसत होतं. आम्हा सगळ्यांचे घास थांबले. ज्या घरात माणूस बायकोला डाळीचा भावही खरा सांगतो, त्या घरात हा प्रश्न पडला की तो जेवणाबरोबर संपत नाही.

"गाडीपाशी होतो," तो म्हणाला.

"चला, दाखवा."

मंडळी तट बघायला गेली. मला तट चढवणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर तट कुठे पळून जाणार नव्हता. मी या दोघांच्या मागे निघाले.

देवालयामागे गाड्या लावायचं मोकळं मैदान. कप्तान दाखवत गेला: ही माझी जागा, ऊन फिरलं की गाडी इकडे घ्यायची. हा नळ. या दगडावर डबा खायचो. कप्तानीण एकेक गोष्ट नीट बघत होती, कापड घेताना उलटसुलट करून बघावं तशी. दगडावर बसूनही पाहिलं. तेवढ्यात झाडाखाली पत्ते खेळणाऱ्या ड्रायव्हरांनी आरोळी दिली, अरे कप्तान आला. सगळे उठून आले. त्यांच्यातल्या एका मिशीवाल्याने तिला बघून हातच जोडले.

"वहिनी ना? चोराला कात्री घेऊन कोपऱ्यात कोंडणाऱ्या? त्याची बाही कापून घेतलीत आणि पोलिसांनी तीच पुरावा म्हणून नेली, हे खरं ना? आम्ही किती जणांना सांगितलंय."

त्या चोराला मी ओळखते. तो मागच्या चाळीतला बोका. गिऱ्हाईकाच्या शर्टाची बाही तोंडात धरून तो खिडकीतून पसार झाला होता, आणि कप्तानिणीने त्याच्या दिशेने फेकलेली मोजपट्टी माझ्या कुंडीत सापडली.

कप्तान स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. तिकडचा मोर पडला होता, आता इकडचा चोर. ड्रायव्हर मंडळी उत्तराची वाट बघत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग पदराने घाम टिपला.

"चोर एकच होता, असं सांगितलं का यांनी?"

"हो. का?"

"दोघे होते," कप्तानीण म्हणाली. "दुसऱ्याला यांनी धरलं. पण स्वतःचं सांगायची सवयच नाही यांना."

मिशीवाल्याने कप्तानच्या पाठीवर अशी थाप मारली, की तेल चोळून सरळ केलेली पाठ पुन्हा धरली असेल. कोणीतरी चहा आणला. तिला झाडाखालची सावलीतली जागा मिळाली, आणि कात्री कोणत्या हातात होती इथपासून सगळं तिने पुन्हा सांगितलं. पोलिसांना या वेळी कुत्राही मिळाला.

परतीच्या बसमध्ये दोघे माझ्या पुढच्या सीटवर होते. गाडी वेशीपासून दूर आली. मग ती म्हणाली, "दुसऱ्याला कसं धरलंत ते घरी पोचेपर्यंत जुळवा. ती माणसं पुन्हा विचारतील."

कप्तानने घसा साफ केला. "मी खिडकीबाहेर दबा धरून..."

"खिडकी नको. खिडकीतून पहिला आला."

"बरं, मग मागचं दार."

"मागच्या दाराला आईंची खाट होती."

तो थांबला. तीही थांबली. "मग असं करू," तो हळूच म्हणाला, "आईनेच आधी त्याला पाहिलं."

"हं," कप्तानीण म्हणाली. "पुढे?"

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. रात्री त्या पानाच्या समासात नोंद केली: दिवसभर बाहेर राहिलेलं दूध नासलं, पातेलं भिजत घातलं आहे.