व्हॉल्व्हवर थांबलेला हात

जाधवकाका गेल्याचं मला कँटीनच्या फोनवर कळलं. त्यांच्या मुलीने सांगितलं, मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि ताटातला भात संपवला... मग हात धुताना नळ बंद करायचंच सुचेना. मी किती वेंधळा आहे हे काकांना ठाऊक होतं, त्यांना नवल वाटलं नसतं. याला आता दीड महिना होईल.

नव्वदीच्या सुरुवातीला मी तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा साताऱ्याकडचे जाधवकाका तिथे फोरमन होते. मला 'सायेब' म्हणायचे, पण अशा सुरात की त्यापेक्षा शिवी बरी. नायट्रिक अ‍ॅसिडसाठी स्टेनलेसची नवी टाकी उभी राहत होती. काकांनी समजावलं, "सायेब, हे अ‍ॅसिड साध्या लोखंडाला खाऊन टाकतंय. स्टेनलेसच्या अंगावर मातर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा असतो, आन् नायट्रिक तो उलट पक्का करतंय. पन जोडात वीतभर जरी साधं लोखंड भरलं, तर अ‍ॅसिड तिथनंच बाहेर येनार." मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. आणि पंधरवड्यात नेमकं तेच करून ठेवलं.

वेल्डिंगच्या रॉडना ओल चालत नाही, म्हणून ते एका छोट्या भट्टीत गरम ठेवतात. वरच्या कप्प्यात स्टेनलेसचे, खालच्यात साधे. मला त्या भट्टीत फक्त माझा डबा दिसला. सानपाड्याहून आईने दिलेली कुळथाची पिठी दुपारपर्यंत गार व्हायची. डबा उंच, म्हणून मी रोज मधली जाळी काढून सगळे रॉड बाहेर ठेवायचो, आणि जेवायची वेळ झाली की घाईघाईत परत आत.

टाकी भरायच्या दिवशी अ‍ॅसिडचा टँकर येऊन उभा होता. मॅनेजर दर मिनिटाला घड्याळ बघत होते. टाकीच्या पायथ्याशी दोन फिटर बसले होते. मी डबा ठेवायला भट्टी उघडली आणि वरच्या कप्प्यात तीन साधे रॉड दिसले. आदल्या दिवशी याच कप्प्यातले मूठभर रॉड वेल्डरला मीच नेऊन दिले होते... घासून पॉलिश केलेले जोड तर सगळे सारखेच चमकत होते! त्याच आठवड्यात मी नोकरीत कायम होणार होतो. बोललो तर नोकरी गेली. गप्प बसलो, तर खालचे ते दोघे...

पळत गेलो असं लिहायला आवडलं असतं. पण चालत गेलो, दुसऱ्याच कुणीतरी हे थांबवावं अशी आशा करत.

काकांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला होता, पण फिरवत नव्हते. एकेकाकडे बघत होते. माझ्यापाशी नजर थांबली.

"काय सायेब?"

"काका, माझा डबा..."

"जेवायचं सुचतंय तुम्हाला?" मॅनेजर ओरडले.

"बोलू द्या त्याला," काका म्हणाले.

मी डब्यापासून सगळं सांगितलं. काकांनी मोरचुदाचं पाणी मागवलं. स्टेनलेसवरून ते नुसतं ओघळतं, साध्या लोखंडावर तांबं धरतं. फडक्याने जोड ओले केले आणि आम्ही बघत उभे राहिलो. पहिला कोरा. दुसरा कोरा.

"झालं समाधान? लावा टँकर," मॅनेजर म्हणाले.

"अजून एक हाय."

तिसरा जोड तळाच्या पाइपचा, फिटरांच्या डोक्यावरचा. तोही कोराच दिसत होता... मग हळूहळू त्यावर वीतभर तांबडी रेघ उमटली. एक फिटर उठला आणि लांब जाऊन उभा राहिला.

"कुणामुळे झालं हे?" मॅनेजरनी विचारलं. मला वाटलं, काका सावरून घेतील. कसलं काय! त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं.

"ह्याच्यामुळं. आन् कळलं बी ह्याच्यामुळंच. दोन्ही लिवून घ्या."

टँकर परत गेला, जोड कापून पुन्हा भरला. माझं कायम होणं सहा महिने लांबलं, पण नोकरी राहिली. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पिठी तरी चांगली व्हती का?"

तेराव्यानंतर कोपरखैरण्याला काकूंना भेटायला गेलो. बोलता बोलता म्हणालो, "काका व्हॉल्व्हवर हात ठेवून मनात देवाचं नाव घ्यायचे, आम्ही ताटकळायचो."

"देवाचं नाव कसलं!" काकू म्हणाल्या. "आधीच्या कारखान्यात एका गळतीचं ह्यांना ठावं होतं. वरच्यांच्या भीतीनं गप बसले. जोडीदाराचे दोन्ही हात भाजले. तवापासनं थांबायचे... कुनाला बोलायचं असंल, तर त्याला येळ मिळावा म्हनून."

गेल्या आठवड्यात एका नव्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह उघडायचा होता. मी त्यावर हात ठेवला आणि थांबलो.

"जाम झालाय का साहेब?" ऑपरेटरने विचारलं.

मी हात तसाच ठेवून एकेकाकडे बघत राहिलो. माणसं चुळबुळली, कुणीतरी घड्याळ बघितलं... आणि मग मागे उभ्या असलेल्या वेल्डरने घसा खाकरला.